सुशीलचे बाबा

शेजारच्या प्रेमिलाकाकूंच्या तोंडून मी त्यांच्या नवऱ्याचं नाव कधी ऐकलं नव्हतं. उमरेडकडच्या जुन्या वळणाची बाई. नवऱ्याला ‘सुशीलचे बाबा’ म्हणायचं, नाहीतर नुसतंच ‘अहो’. येशूचं नाव मात्र उठता-बसता. बावीस वर्षांपूर्वी मुलाच्या, सुशीलच्या, आजारपणात त्यांची येशूवर श्रद्धा बसली आणि त्यांनी बाप्तिस्मा घेतला. शालिकरामकाका उमरेडच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेले, दर शनिवारी मारुतीला तेल वाहणारे. त्यांनी बायकोला अडवलं नाही आणि स्वतःचा मारुतीही सोडला नाही.

दर रविवारी ते काकूंना चर्चला सोडत आणि उपासना संपेपर्यंत समोरच्या टपरीवर चहा पीत बसत. “मी फाटकापर्यंतचा माणूस,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. काकू हसायच्या, पण ते वाक्य त्यांना सलायचं. तारण एका येशूच्याच नावात, दुसरा रस्ता नाही, असं त्या मानत. म्हणजे वरच्या फाटकाशीही हा माणूस बाहेरच राहणार?

एकदा मी चिडून म्हटलंच, “इतक्या भल्या माणसाले दारात अडवते, असा कसा जी तुमचा देव?”

“तो नाही अडवत वं. दार उघडंच हाय. हेच आत येऊन नाही राहिले,” म्हणत त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मला ते आजही पटत नाही. पण ती तळमळ खोटी नव्हती.

गेल्या वर्षी काकांना हृदयाचा झटका येऊन गेला आणि काकूंचा धीर सुटला. पुढचं सगळं त्यांनीच मला सांगितलं, आधी हसत आणि मग रडत. रविवारी उपासनेत प्रार्थनेची विनंती करायची वेळ आली, तशा त्या माईकपाशी गेल्या. म्हणाल्या, “चार वर्षांपासून सारी मंडळी प्रार्थना करून राहिली. सुशीलच्या बाबाइचं मन काहून नाही वळत जी?”

चार वर्षांपूर्वी आलेले पास्टर गोंधळले. “रुपरावजींचं? ते तर आपले जुने विश्वासू!”

तेव्हा घोळ उघडा पडला. चर्चमधल्या रुपरावांच्या मुलाचं नावही सुशीलच. काकू प्रार्थनेच्या वहीत नुसतं ‘सुशीलचे बाबा’ लिहायच्या, पास्टर तेवढंच वाचून दाखवायचे, आणि अख्खी मंडळी डोळे मिटून रुपरावांसाठी प्रार्थना करायची. रुपरावही बिचारे मोठ्याने आमेन म्हणायचे!

“ताई, तुमच्या घरच्यांचं नाव सांगा,” पास्टर म्हणाले.

लग्नाच्या एकेचाळीस वर्षांत जे जिभेवर आलं नव्हतं, ते काकूंनी डोळे मिटून जवळजवळ ओरडूनच सांगितलं, “शालिकराम!”

लाउडस्पीकर फाटकाबाहेर टपरीपर्यंत ऐकू जायचा. काका चहाचा कप टाकून धावले. चप्पल दाराशी काढली आणि थेट माईकपर्यंत आले.

“काय झालं वं? चक्कर आली काय?”

“काही नाही झालं. बसा न.”

ते बसले.

आता ते दर रविवारी आत जातात आणि शेवटच्या बाकावर बसतात. येशूचं नाव त्यांनी अजून घेतलेलं नाही. शनिवारचा मारुतीही चुकत नाही.

परवा मेथी निवडता निवडता काकू म्हणाल्या, “बावीस वर्षं मी देवाले हाका मारल्या. ह्याइले कधी मारलीच नव्हती वं.” त्यांनी मेथीची दुसरी जुडी सोडली. “मले एक नाव घ्यायले एकेचाळीस वर्षं लागले. ह्याइलेही लागतीन थोडे दिवस. तेवढे दिवस देव देईन न वं?”

आणि मी, जिला यातलं काहीच पटत नाही, चटकन म्हटलं, “देईन जी काकू. देईनच.”