रांजणाखालची वाळू

बहीण गेल्यावर भाची आमच्याकडे वसमतला आली. कोपराच्या लवणीत तिला लहानपणापासून इसब होतं. आईमागं ते चिघळलं. रक्त येईपर्यंत खाजवायची. त्वचेचे डॉक्टर म्हणाले, "मलम बराबर आहे, पोरीचा हात थांबत नाही. संमोहन करून बघा."

हिंगोलीच्या एका संमोहनतज्ज्ञांकडे प्रमाणपत्रांना भिंती पुरल्या नव्हत्या; उरलेली दारावर टांगली होती. खुर्ची एखाद्या मंत्र्याला शोभली असती. दिवा मंद करून ते खर्जात म्हणाले, "आता तू हिमाच्छादित शिखरावर आहेस..."

भाचीनं एक डोळा उघडला. "मामा, हिमाच्छादित म्हंजे काय?"

मला हसू आवरेना. पण गृहस्थही हसले. खुर्ची पुढं ओढून साध्या आवाजात म्हणाले, "राहू दे ते. तुला कुठं गार वाटतं?"

"रांजणाखाली. वाळूत. आई माझे हात पुरायची तिथं. म्हणायची, आता खाजव बरं, कशी खाजवतीस."

साखऱ्याला, बहिणीच्या सासरी, ओसरीत तो रांजण होता. झिरपून झिरपून खालची वाळू कायम ओली. माझं हसू तिथंच विरलं.

"मग जा तिथं," ते म्हणाले. मांडीवर तिची बोटं हळूहळू सैल पडली.

पुढं खाज सुटली की ती डोळे मिटून बसायची. मलमही चालूच होतं. उन्हाळा सरता सरता कातडी भरून आली. शेवटचं दाखवायला हिंगोलीला नेलं, तेव्हा तज्ज्ञांनी तिच्यासोबत फोटो काढून घेतला. माझ्याकडून शालीची अपेक्षा असावी, असा मला संशय आला.

परतीच्या एसटीत बघतो, तर बऱ्या झालेल्या कोपरावर ती नखं ओढत होती.

"काहून खाजवून राहिलीस गं? खाज गेली ना?"

"व्हय." ती खिडकीबाहेरच बघत होती. "खाज आल्याबिगर आई येत न्हाई, मामा."

दुसऱ्याच दिवशी मी कुंभाराकडून रांजण आणला, खाली वाळू पसरली. घरात फिल्टर असताना हे कशाला, असं बायकोनं विचारलं नाही. वाळू भिजल्यावर भाचीनं त्यात हात घातले, बराच वेळ बसली.

"गार हाय," ती म्हणाली. माझी समजूत घालावी तशी.

पुढच्या आठवड्यात कोपर पुन्हा लाल झालं. मलम लावताना मी तिला रागावलो नाही.