थाटीपुरात जेवायला आलेला वैमानिक

त्या गोऱ्याचं नाव आता आठवत नाही. संस्थान विलीन झालं होतं आणि ग्वाल्हेरच्या आमच्या लष्करी कचेरीची आवराआवर चालली होती, तेव्हा तो आला. कॅनडाचा. महायुद्धात ब्रह्मदेशावर लढाऊ विमान चालवून त्याने शौर्यपदक मिळवलं होतं. त्याच्या विमानाची देखभाल करणारा ग्वाल्हेरच्याच थाटीपूर वस्तीतला एक मराठी मुलगा तिथल्या बाँबहल्ल्यात गेला होता.

"त्याच्या आईला भेटायचंय," एवढंच तो म्हणाला. दुभाषा म्हणून मी सोबत गेलो.

त्या मुलाच्या आईने, काकूंनी, आम्हाला जेवायला वाढलं. तो घासाघासाला मान वळवून मागे बघायचा.

"सारखा काय देखतोय हो हा?" काकूंनी मला विचारलं.

मी त्याला विचारलं, तेव्हा तो ओशाळला. "सवय जात नाही. शत्रूचं विमान पाठीमागून यायचं. मला मागचं नीट दिसावं म्हणून यांचा मुलगा रोज माझ्या विमानाची काच पुसून लख्ख ठेवायचा."

मी ते मराठीत सांगितलं. काकू उठल्या. मग पाट उचलून त्याच्या पाठीमागे जाऊन बसल्या.

"सांगा त्याला, मागे मी आहे. निवांत जेव म्हणावं."

त्याने डोळे पुसले. थोड्या वेळाने, मागे न बघताच, हाताने खूण करून आणखी एक पोळी मागितली.