विन्या ढवळेचं होकायंत्र

समस्त मराठी जनांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमधल्या फ्रिजांवरची चुंबकं आता सुरक्षित आहेत. विनायक ढवळे गेला. पाच आठवडे झाले. त्याच्या बायकोचा, शैलाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात त्याचीच नक्कल करून दाखवत होतो... ती अर्धीच राहिली.

विन्या कुणाच्याही घरी आला की आधी खिशातलं होकायंत्र काढायचा आणि फ्रिजवरच्या चुंबकांची उत्तर-दक्षिण तपासायचा. घरातली वहिनी पोह्यांची बशी धरून ताटकळायची. पण त्याचं कामच ते होतं. अतिवेगवान कणांना वाटेवर ठेवणारी, माणसाहून जड चुंबकं तो डिझाइन करायचा, तपासायचा. प्रयोगशाळेत भारी उपकरणं होती. तरी कणांच्या यंत्रासाठी बोगद्यात बसवलेल्या प्रत्येक चुंबकावरून शेवटचा हात नागपूरहून आणलेल्या या होकायंत्राचाच फिरायचा.

२००४ मध्ये एका चुंबकापाशी सुई उलटी फिरली. दोन केबली अदलाबदल झाल्या होत्या. त्याने साहेबाला, ग्रेगला सांगितलं. तपासणीच्या तक्त्यावर सह्या झाल्यात, ते खेळणं खिशात ठेव, असं ग्रेग हसून म्हणाला. संध्याकाळी विन्याने मला विचारलं, "लेखी देऊ का रे?" मी तेव्हा व्हिसाशास्त्राचा स्वयंघोषित महामहोपाध्याय. "ग्रीन कार्ड हातात पडू दे यार, मग हो हरिश्चंद्र." त्याने ऐकलं... आयुष्यात एकदाच माझं ऐकलं.

यंत्र सुरू झालं आणि कणांचा झोत रोज त्याच जागी नळीच्या भिंतीवर आपटून मरू लागला. तीन आठवडे सगळे प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसले. अखेर केबली सापडल्या, आणि अहवालात ढवळेंची हयगय नोंदली गेली. लेखी काही नव्हतं. ग्रेगला काही आठवत नव्हतं. विन्याला चुंबकांपासून उचलून सुट्या भागांच्या गोदामात बसवलं. ग्रीन कार्ड आलं त्या दिवशी तो पेढे घेऊन आला. माझ्या फ्रिजकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

शोकसभेत शैलाने फोटोपुढे ते होकायंत्र ठेवलं होतं. ग्रेग आला, उभा राहिला, डोळे पुसत म्हणाला की विनायकने ती चूक त्याच दिवशी, याच होकायंत्राने पकडली होती. आपणच ऐकलं नाही, असंही म्हणाला. शैला टेबलाला धक्का देत उठली. संतापात तिचं इंग्रजी पळालं होतं.

"मग तेव्हा का नाही बोललात?"

ग्रेगने अर्थ विचारल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. आणि मी, त्याच जुन्या शहाणपणाने, गोड हसून इंग्रजीत सांगितलं, की ती तुमचे आभार मानतेय.

धक्क्याने होकायंत्राची सुई अजून थरथरत होती. विन्याची मुलगी रेवा, इथेच वाढलेली, मराठीत कधी उत्तर न देणारी, माझ्याकडे बघून सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली,

"नो काका, दॅट्स नॉट व्हॉट आई सेड."