खर्च वाढलेलं गाव

कोणत्या घरात काय खातात, कशावर किती खर्च होतो, हे दारोदार विचारत फिरण्याची नोकरी मी काही वर्षं केली. यवतमाळच्या एका कार्यालयात कंत्राटावर होते. घराघरांतली ही उत्तरं वर जातात आणि देश पुढे गेला की मागे पडला ते त्यांतून कळतं, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटायचा. बाबांनी कारकुनीत आयुष्य काढलेलं. त्यांना तर माझ्याहून जास्त.

पांढरकवड्याच्या अलीकडे हायवे सोडून आत गेलं की एक गाव लागतं. पहिल्यांदा गेले तेव्हा एका काकूंच्या ओसरीवर बसून सगळं विचारलं. पाण्यावर किती खर्च, असं विचारल्यावर काकू हसायलाच लागल्या.

"पान्याले कोन पैसे देते, मॅडम? समोर विहीर हाय ना."

मी शून्य लिहिलं. औषधाच्या पुढेही जवळजवळ शून्यच. काकूंनी भाकर आणि अंबाडीची भाजी खाऊ घातली, वर लोटाभर गार पाणी दिलं.

काही वर्षांनी पुन्हा त्याच गावी जायचं आलं. तोवर गावाशेजारच्या नाल्याच्या वरच्या अंगाला सोयाबीनचं तेल काढणारा कारखाना उभा राहिला होता. गाव यायच्या आधीच वास आला. कढईत आठवडाभर राहिलेल्या तेलात कुणीतरी अंडी कुजवत ठेवावीत, तसा. नाल्यावर पिवळट फेस साचला होता आणि त्यात एक मेलेलं डुक्कर फुगून अडकलं होतं. ते काढायला कुणी उतरत नव्हतं.

काकूंनी विहिरीतून बादली ओढून माझ्यासमोर ठेवली. पाण्यावर तेलाची साय होती. मी बोट बुडवलं; ते दिवसभर चिकट राहिलं, साबणानंही सुटलं नाही.

"म्हैस बी तोंड लावत नाही," काकू म्हणाल्या. बाह्या वर करून त्यांनी हात दाखवले. कोपरापर्यंत खरूज, खाजवून खाजवून ओली झालेली. "जार इकत घेऊन राह्यलो आता. डाक्टर येते हप्त्यातून दोनदा, सुई मारते."

मी विचारत गेले, त्या सांगत गेल्या. पाण्याचे जार, मलमं, सुया, पांढरकवड्याला जायचं ऑटोभाडं. घराचा खर्च कितीतरी पटीनं वाढला होता. पैसा कुठून आला? काकूंचा मुलगा त्याच कारखान्यात पोती उचलत होता. पुढच्या घरीही तेच, त्याच्या पुढच्याही.

दोन-तीन महिन्यांनी कार्यालयातल्या साहेबांनी मला बोलावलं. ते खूश होते. तालुक्यात खर्चाची सगळ्यात मोठी वाढ काकूंच्या गावात दिसत होती.

"लोकांच्या हातात पैसा खेळतोय," ते म्हणाले. "वरून पाहुणे येणार आहेत. गावाचा सत्कार ठेवू."

"साहेब, तो पैसा खरजेवर जातोय. विहीर नासली आहे."

"हो, पण खर्च होतोय ना? औषधवाला कमावतो, ऑटोवाला कमावतो, पाणीवाला कमावतो. आपलं काम मोजायचं. चांगलं-वाईट पाहणारं खातं वेगळं आहे."

हे त्यांनी समोशाचा तुकडा तोंडात असताना सांगितलं. त्यांच्या ओठांना लागलेल्या तेलाकडे मला पाहवेना. मी बाहेर येऊन तोंड धुतलं.

सत्कार शाळेच्या पटांगणात झाला. नाल्याच्या बाजूनं कापडी पडदा ओढला होता आणि त्याला अत्तर फवारलं होतं. त्या अत्तरानं तो वास आणखीच किळसवाणा झाला. पाहुण्यांनी रुमाल नाकाला लावून प्रगतीवर भाषण केलं. जेवण कारखान्याकडून होतं, पुऱ्या त्यांच्याच तेलात तळलेल्या. मी पानाला हात लावला नाही.

गावातर्फे दोन शब्द बोलायला काकूंना उभं केलं. त्यांनी माइक हातात घेतला आणि दुसऱ्या हातानं बाही वर सरकवली.

"हे पाहा साहेब," त्या म्हणाल्या. "ह्याचाच सत्कार होऊन राह्यला काय?"

सूत्रसंचालकानं आभार मानत माइक काढून घेतला. टाळ्या वाजल्या. साहेबांनीही वाजवल्या. पुढच्या रांगेतला कुणीतरी मला म्हणाला, "बाई कशी धीट झाली आहे, पाहिलं?"

त्या वर्षी मी कंत्राट वाढवून घेतलं नाही. पुसदला एका शिकवणी वर्गात नोकरी धरली. बाबा नाराज झाले. ते म्हणाले, "खोटं तर तुला लिहायला लावलं नव्हतं कोणी." ते खरंच होतं, आणि त्याचीच मला जास्त शिसारी येत होती.

पुढचं मला काकूंकडून फोनवर कळत गेलं. गावातल्या बायांनी मातीची पोती टाकून नाला कारखान्याच्या खालच्या अंगाला अडवला. घाण उलटी फिरून कारखान्याच्या फाटकातून आत गेली, साहेबलोकांच्या गाड्यांखाली साचली. पोलीस आले, तहसीलदार आले, बाया हलल्या नाहीत. शेवटी कारखान्यानं स्वतःच्या जागेत टाकी बांधली. गावानं विहीर उपसून गाळ काढला. पावसाळे गेले तसं पाणी निवळलं, खरूज गेली. जारवाल्यानं दुकान उचललं. डॉक्टर यायचा बंद झाला.

मागच्या वर्षी माझ्या जुन्या जागेवरच्या मुलीनं मला फोन केला. ती गोंधळली होती.

"ताई, तुमच्या त्या गावाचा खर्च एकदम घसरला. साहेब विचारून राह्यले, गाव मागं काहून गेलं? कारण द्यायचं आहे."

"लोक बरे झाले, असं सांग."

"सांगितलं ना. ते म्हणे, हे कारण होत नाही."

"मग काय दिलं?"

"रोजगाराचा अभाव," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "आणि ताई, पुढं गेलेल्या गावांना रस्ता मिळणार होता, त्यातून त्या गावाचं नाव काढलं."

मी काकूंना ते कळवलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ठेवतो बाई, म्हैस सोडाची हाय," आणि फोन ठेवला.