दार आम्ही सोबत आणलं होतं

आबांनी पहारीनं दाराची चौकट सुटी केली आणि दारासकट बैलगाडीत टाकली, तेव्हा आई आत जमीन सारवत होती. पुढच्या पावसाळ्यात धरणाचं पाणी आमच्या मावळातल्या गावावर चढणार, हे पोराटोरांनाही ठाऊक होतं.

शेजारीण म्हणाली, "बुडायचं घर कशापायी सारवतीस गं?"

"पानी झालं तरी पाव्हनाच की," आई म्हणाली. "त्याला घान घरात घ्यायचं व्हय?"

गाडी हलली. आबा म्हणाले, "मागं बगायचं न्हाई." कुणी बघितलं नाही.

कुसगावच्या नव्या घराला तेच दार बसलं. आई तिथं वर्षभरही जगली नाही. शेवटी एकच धोशा, "मला जाऊ द्या. दार उगडंच ऱ्हायलंय, लोटून येते." आम्ही समोरचं दार दाखवायचो. तिला पटायचं नाही.

चौथीत शाळा सुटली आणि मी कराचीला आलो, तेव्हा कराची मुंबई इलाख्यातच होती. इथं तसबिरींच्या चौकटी करणाऱ्या, मूळच्या लोणावळ्याच्या यूसुफचाचांनी हाताला काम दिलं. त्यांचे उपकार जन्मात फिटायचे नाहीत. दुकानात एका मराठी चित्रकाराची छापचित्रं येत. तांब्याच्या पत्र्यावर देखावा कोरायचा, पंचवीस छाप काढायचे, खाली पेन्सिलीनं नंबर आणि सही, मग पुन्हा छाप निघू नये म्हणून पत्रा ओरखडून टाकायचा. दर दिवाळीला चाचा मला एक छाप देत. भाज्याची लेणी मिळाली, राजमाचीचा डोंगर मिळाला. आणि एका साली सहा नंबरचा छाप हातात आला, त्यात आमचं घर होतं.

चित्रकार हवापालटाला लोणावळ्यास राहिले, तेव्हा उन्हाळ्यात पाणी उतरून गावाच्या भिंती उघड्या पडल्या होत्या. ते समजलं. पण चित्रात दार होतं, सताड उघडं. ते दुकानात आले तेव्हा मी भीतभीत विचारलं.

"होतं म्हणूनच काढलं," ते म्हणाले. "भिंती ढासळलेल्या आणि दार तेवढं शाबूत. नवल वाटलं."

कुसगावच्या घरी राहणाऱ्या ताईला पाठवायला मी त्याच चित्राचा चौदा नंबर घेतला. त्यात दार अर्धं लोटलेलं होतं. चाचांना दोन्ही दाखवले. "एकाच पत्र्याचे छाप, पोरा. शाई कमी-जास्त झाली असेल," ते म्हणाले, पण चष्मा पुसून त्यांनी पुन्हा बघितलं आणि चौदा नंबर उलटा करून ठेवला. मी तो पाठवला नाही. त्यानंतर दुसरे देखावे जमवणं सोडलं. त्या घराचा जो छाप मिळेल तो घेत गेलो. नंबर चढेल तशी दाराची फट कमी होत होती.

शेवटचा, पंचविसावा, यंदा आला. दार बंद आहे. उंबऱ्यापुढं अंगण सारवलेलं आहे, हाताचे अर्धगोल स्पष्ट दिसतात.

आई पोचली म्हणायची. मला रडू आलं, आणि खोटं का बोलू, भीतीही वाटली. दार आतून लावलंय आणि मी बाहेर आहे.

तोच छाप ताईला पाठवला. वर काही लिहिलं नाही. तिचं उत्तर कालच आलं. चित्राबद्दल अक्षर नाही. लिहिते, "आपलं दार ऐन वैशाखात भिजल्यागत फुगलंय. सुताराला दाखवलं, त्यालाही कळंना. चौकटीत बसतच नाही, लावता येत नाही. उघडंच असतं. तू येऊन जा."

पंचवीस वर्षांत मी पहिल्यांदा रजा मागितली आहे.