फ्रूमाने तोरा थांबवली

फ्रूमा फार शिकलेली होती असं नाही, पण क्लिपरुस गावच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या यहुदी प्रार्थनाघरात, वरच्या सज्जात आम्हा बायकांचं सगळं तिच्यावाचून अडायचं. खाली पुरुष आणि वर जाळीच्या पडद्याआड आम्ही. निम्म्या जणींना अक्षर येत नव्हतं, आणि जिला यायचं तिला ओळ सापडायची नाही. फ्रूमा मधल्या बाकावर बसून प्रार्थना मोठ्याने म्हणायची, आम्ही तिच्यामागून म्हणायचो. ती म्हणाली, "इथे रडायचं," की आम्ही रडायचो. हसू नका. रडायला कारणं प्रत्येकीकडे होती.

मी राइझा. स्टेशनसमोरची खाणावळ माझी. माझं तोंड फटकळ आहे हे अख्ख्या कारूच्या माळरानात माहीत आहे, पण आजवर मी कुणाबद्दल पदरचं काही सांगितलेलं नाही.

फ्रूमा लिथुआनियातल्या एका खेड्यातली. एकोणिसाव्या वर्षी तिचं हिर्शशी लग्न झालं. हिर्श कोहेन होता, म्हणजे जुन्या मंदिरातल्या पुरोहितांच्या कुळातला, आणि गळा गोड. वर्षभरात तो आफ्रिकेला निघाला. पाठीवर गाठोडं घेऊन शेताशेतांतून सुया-दोरे विकायचे आणि दोन वर्षांत बायकोला बोलावून घ्यायचं, असा बेत होता. पाच पत्रं आली. सहावं आलंच नाही. चार वर्षं वाट पाहून, सासऱ्याचं सगळं करून, फ्रूमाने लग्नातली पिसांची गादी विकली आणि बोटीत बसली. शेवटच्या पत्रावर आमच्या गावाचा शिक्का होता, म्हणून ती इथे उतरली. हिर्श एक हिवाळा आसपासच्या शेतांवर हिंडून कुठेतरी निघून गेला होता, त्याचा चेहरा गावात कुणाच्या लक्षात नव्हता, एवढंच तिला कळलं.

मग ती इथेच राहिली. शब्बाथचे, म्हणजे आमच्या शनिवारच्या पवित्र दिवसाचे, पाव भाजायची, आमच्यात कुणी बाई गेली तर तिला अंघोळ घालायची, आणि शनिवारी वर बसून आम्हाला प्रार्थना सांगायची. अशी दहा वर्षं गेली.

आमच्यात नवरा मेल्याचा साक्षीदार नाही आणि त्याच्या हातची सोडचिठ्ठीही नाही, तर बाई अडकलेलीच. बायको म्हणून नांदता येत नाही आणि विधवा म्हणून सुटताही येत नाही. इकडे मोट्टे होता, बूट शिवणारा, बायको वारलेला, दोन मुलींचा बाप. सहा वर्षं तो दर शुक्रवारी फ्रूमाकडे पाव घ्यायला यायचा आणि उंबऱ्याबाहेर उभा राहायचा. दोघांच्या मनात काय आहे ते गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण इलाज नव्हता.

त्या वर्षी नववर्षाच्या प्रार्थना महिन्यावर आल्या आणि आमच्या सिनेगॉगला हज्जान नव्हता. जुना हज्जान केपटाउनला निघून गेला होता. प्रार्थना म्हणणाराच नाही म्हटल्यावर गावाचा जीव खालीवर होत होता. आमचे अध्यक्ष रेब झाल्मन, शहामृगाच्या पिसांचे मोठे व्यापारी, यांनी जोहान्सबर्गहून एक हज्जान बोलावला. नाव अझ्रिएल. एका शब्बाथला ऐकायचं, पसंत पडला तर ठेवायचा. गुरुवारी तो माझ्या खाणावळीत उतरला. पन्नाशीकडे झुकलेला दिसत होता, छाटलेली पिकली दाढी, बोलणं लोण्यासारखं. माझ्याकडे पावाचे चार तुकडे खाल्ले आणि म्हणाला, "असा पाव आमच्या गावाकडे मिळायचा."

शुक्रवारी सकाळी म्हाताऱ्या हिंदाबाईंना पुरायचं होतं. रेब झाल्मन म्हणाले, हज्जान आहेच तर दोन शब्द म्हणू दे. हज्जान दफनभूमीपर्यंत आला आणि भिंतीच्या बाहेरच थांबला. आत धूळ फार आहे, उद्या गळा बसेल, म्हणाला. फ्रूमा तेव्हा आत खड्ड्याजवळ होती. तिचं लक्ष नव्हतं.

शनिवारी सकाळी तो उभा राहिला आणि गाऊ लागला. आवाज भरदार होता, खोटं कशाला बोलू. फ्रूमा आम्हाला सांगत होती आणि मध्येच गप्प झाली. आम्हीही गप्प झालो. मागच्या दोघी तिघींना वाटलं रडायची जागा आली, त्या रडायला लागल्या.

"राइझा," ती माझ्या कानाशी म्हणाली, "खाली कोण आहे गं?"

"हज्जान आहे, दुसरं कोण? पुढचं सांग, सगळ्या खोळंबल्यात."

"हा हिर्श आहे."

"डोकं फिरलंय का तुझं? चौदा वर्षांनी आवाज ओळखतेस?"

"आवाज नाही. आवाज बदललाय. वरच्या सुराला जायच्या आधी तो नाकातून हुंकारतो. ऐक, आता ऐक."

मी ऐकलं. हुंकार होता.

"सर्दी झाली असेल," मी म्हणाले. आणि पुढचं माझ्या तोंडून कसं निघालं मला कळलं नाही. "पण काल तो दफनभूमीत आला नाही. भिंतीबाहेर थांबला."

कोहेन मेलेल्यांच्या जवळ जात नाही. सख्ख्या नात्यातलं माणूस सोडलं तर कधीच नाही. हे आमच्यात कुणाला सांगावं लागत नाही. फ्रूमाने माझ्याकडे बघितलं, तिचे ओठ पांढरे पडले होते. उद्या रविवारच्या गाडीने तो सामान आणायला जोहान्सबर्गला जाणार होता. तिला एकदा पाहिलं की तो परत येतोय कशाला! नवं नाव घेऊन तिसऱ्याच मुलखात जाईल, आणि फ्रूमा मरेपर्यंत अडकलेलीच राहील.

"फ्रूमा, नीट विचार कर," मी तिचा हात धरला. "तो नसला तर? परक्या माणसाच्या तोंडाला भर सभेत काळं फासलंस तर या बायका पुन्हा तुझ्यामागून एक शब्द म्हणणार नाहीत."

"आणि तो असला आणि मी गप्प बसले तर?"

तिने हात सोडवून घेतला. मी तिच्यामागे जिना उतरले.  

खाली तोराची, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची, गुंडाळी नुकतीच मेजावर ठेवली होती. वाचनासाठी एकेकाला नावाने बोलावतात, त्यातलं पहिलं नाव पुकारायचं बाकी होतं. फ्रूमा पुरुषांच्या बाकांमधून सरळ चालत गेली, आजवर कुठलीच बाई तिथे गेली नव्हती, आणि तिने मेजावर हात आपटला.

"मी वाचन थांबवते!"

रेब झाल्मन ताडकन उठले. "बाई, वर जा! काही तक्रार असेल तर सोमवारी या. हा काय बाजार आहे?"

"रेब झाल्मन, बसा," आमचे म्हातारे रब्बी, गावाचे धर्मगुरू, म्हणाले. त्यांचा आवाज कधीच चढत नसे. "ज्याचं कुणी ऐकत नाही त्याने तोरा थांबवावी, ही रीत तुमच्या माझ्या आजोबांच्याही आधीची आहे. त्याचं ऐकल्याशिवाय पुढे वाचायचं नाही. गुंडाळी झाका. बोल, फ्रूमा."

फ्रूमाने बोट दाखवलं. "हा माझा नवरा आहे. हिर्श, नोसनचा मुलगा. मला सोडचिठ्ठी हवी आहे. दुसरं काही नको."

मोट्टे शेवटच्या बाकावर होता. तो उभा राहिला आणि परत बसला.

हज्जानाच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. उलट तो हसला, समजूत घालावी तसं. "मी या बाईंना जन्मात पाहिलेलं नाही. बिचाऱ्या दुःखी दिसतात. मला राग नाही."

"हा कोहेन आहे, विचारा त्याला!"

"मी कोहेन नाही. आज मला वाचनाला तिसरं बोलवायचं ठरलंय. कोहेनला पहिलं बोलावतात. स्वतःचा मान कोण सोडून देईल?"

बाकांवर हशा पिकला.

"मग काल भिंतीबाहेर का उभे होता?" मी ओरडले. आता माझं तोंड बंद राहणं शक्यच नव्हतं.

"बाई, धूळ होती. गळ्यावर माझं पोट आहे."

 सगळे रब्बींकडे बघू लागले. रब्बींनी दाढीवरून हात फिरवला. "शब्बाथला शपथ घालता येत नाही," ते म्हणाले. "पण चालायला हरकत नाही. दफनभूमी पाव मैलावर आहे. हज्जान, तुम्ही आत जा, कालच्या कबरीपाशी उभे राहा आणि परत या. तुम्ही कोहेन नसाल तर बुटांना माती लागेल, एवढंच. मग ही बाई सर्वांसमोर तुमची क्षमा मागेल."

"आनंदाने," हज्जान म्हणाला.

दोन म्हातारे गुंडाळीपाशी बसले आणि बाकी अख्खा गाव निघाला. पुरुष अंगावर प्रार्थनेच्या शाली तशाच घेऊन चालत होते. रस्त्याकडेच्या कुंपणापलीकडून झाल्मनांची शहामृगं माना उंच करून आमच्याबरोबर चालू लागली. एरवी मी पोट धरून हसले असते. त्या दिवशी फक्त बुटांचा आवाज येत होता. हज्जान सगळ्यांच्या पुढे, पाठ ताठ. फ्रूमा त्याच्या मागे दहा पावलांवर. हा आत जाणार, मला वाटायला लागलं. चौदा वर्षं बायकोला विसरलेला माणूस एका रीतीला घाबरणार आहे थोडाच? आत जाईल, परत येईल, आणि फ्रूमाचं सगळंच संपेल. ही कल्पना रब्बींना कुणी सुचवली, असं म्हणून मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घातल्या. शब्बाथला.

फाटक उघडं होतं. आत हिंदाबाईंची ओली माती दिसत होती. हज्जानाने शाल सावरली, आमच्याकडे वळून एकदा बघितलं, आणि पाय उचलला.

"हिर्श, थांब!"

फ्रूमा ओरडली होती. त्याचा पाय हवेतच राहिला.

"तुझे वडील दफनभूमीच्या भिंतीला लागून जायला नको म्हणून बर्फातून वळसा घालायचे," ती म्हणाली. धापा टाकत होती. "शेवटी माझ्या हातून पाणी पिताना त्यांनी विचारलं, आपला हिर्श तिकडे कोहेनसारखा राहतो ना? मी हो म्हणाले. त्यांना काय कळणार होतं? म्हणून हो म्हणाले. आता माझ्यामुळे तू आत जाऊ नकोस." मग ती रब्बींकडे वळली. "मी तक्रार मागे घेते. चला, वाचन सुरू करा. त्याला आत पाठवू नका."

आणि ती परत निघाली. मला असा संताप आला की तिला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. सगळं हातचं घालवलंस की गं बये!

"ऐकलंत?" रेब झाल्मन ओरडले. "मागे घेतली! झालं! चला हज्जानसाहेब, उशीर होतोय."

हज्जानाने पाय खाली टेकला, फाटकाच्या बाहेर. तो जिंकला होता. नुसतं आमच्याबरोबर चालायला लागायचं होतं.

तो जागचा हलला नाही.

"बाबा कधी गेले?" त्याने विचारलं.

 फ्रूमा थांबली. वळली नाही.

"अकरा वर्षं झाली," ती म्हणाली. "थंडीत. मी होते जवळ."

तो तिथेच रस्त्यावर बसला, शालीसकट, आणि त्याने तोंड झाकून घेतलं. आमच्यात बाप गेला की मुलगा अकरा महिने रोज सिनेगॉगमध्ये उभा राहून त्याच्यासाठी प्रार्थना म्हणतो. म्हाताऱ्या नोसनसाठी ती कुणीच म्हटली नव्हती. रब्बींनी खाली वाकून त्याला हात दिला. "ऊठ," ते म्हणाले. "सोमवारी सोडचिठ्ठी लिहू. आत्ता चल, वाचन राहिलंय."

परत आल्यावर त्याला पहिलं बोलावलं, खऱ्या नावाने, बापाच्या नावासकट. शेवटी त्याने बापासाठी प्रार्थना म्हटली. आवाज फुटत होता. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मीही म्हटलं, दात आवळून.

सोमवारी रब्बींच्या घरी त्याने फ्रूमाच्या जोडलेल्या ओंजळीत कागद ठेवला. "तू मोकळी आहेस," तो म्हणाला. तसंच म्हणायचं असतं. त्यापुढे आणखी काही म्हणायला त्याने तोंड उघडलं. फ्रूमाने कागद काखेत धरला, रिवाजाप्रमाणे खोलीभर चालली, आणि तशीच दारातून बाहेर पडली. त्या वर्षी नववर्षाच्या प्रार्थना रब्बींनीच म्हटल्या, बेसूर, आणि कुणी हूं का चूं केलं नाही.

सोडचिठ्ठीनंतर बाईला नव्वद दिवस थांबावं लागतं. एक्क्याण्णवाव्या दिवशी सकाळीच मोट्टे नवी टोपी घालून तिच्या दाराशी आला. मी पाव घ्यायला गेलेली, म्हणजे मुद्दामच गेलेली. त्याने विचारलं. मान खाली घालून, पण विचारलं.

"उद्या परत विचार," फ्रूमा म्हणाली.

"अगं, सहा वर्षं झाली की," मी न राहवून म्हणाले.

"तू गप गं. चौदा वर्षं मला हो म्हणायची सोय नव्हती, तशी नाही म्हणायचीही नव्हती. आता दोन्ही माझं आहे. जरा राहू दे की माझ्याजवळ."

मोट्टे दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशी आला. रोज टोपी घालून यायचा, रोज विचारायचा, आणि "उद्या" ऐकून, मान हलवून, दुकानात जाऊन बूट शिवायला बसायचा. असे नऊ दिवस. दहाव्या दिवशी त्याने टोपी काढली आणि तो तोंड उघडणार एवढ्यात फ्रूमाच म्हणाली, "हो."