तीनदा दिलेला नंबर

१. मानेवरची गाठ आठ महिन्यांपूर्वी हाताला लागली.
२. आज सकाळी त्यासाठी पहिल्यांदा धायरीतल्या दवाखान्यात गेले. माझा नंबर चौथा होता.
३. नंबर आल्यावर शेजारच्या आजींना म्हणाले, "तुम्ही आधी जा." मग एका बाळाच्या आईला तेच म्हणाले. मग अजिबात घाई नसलेल्या एका काकांनाही.

रिसेप्शनवरच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "अहो मॅडम, तपासायला आलाय की समाजसेवेला?"

ऑफिसचा फोन आहे असं सांगून मी बाहेर पडले. फोन आला नव्हता.

मी सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्यांच्या चुका सापडतील त्याच दिवशी नोंदवते. ही गाठ मात्र रोज चाचपून पाहते आणि अजून घरीही सांगितलेली नाही.

दुपारी त्याच बाईंचा फोन आला. "शनिवारी साडेदहा, पहिला नंबर तुमचा. आणि कुणाला तरी सोबत आणा, म्हणजे नंबर वाटत बसणार नाही."

गाठ कशाची असेल याचे अंदाज मला नकोत. मैत्रिणींनो, शनिवारी दवाखान्यात माझ्या शेजारी बसायला आणि नाव पुकारलं की मला उठवायला या ग्रुपवरच्या तुमच्यापैकी कोण येईल? शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवा.